बॅटल ट्रीमधील विजयमालिका चाळिशीनंतर वारंवार तुटते, तेव्हा

'पोकेमॉन सन' आणि 'मून' हे खेळ २०१६ मध्ये आले आणि 'अल्ट्रा सन' व 'अल्ट्रा मून' २०१७ मध्ये. या चारही खेळांची मुख्य कथा संपवून पोनी बेटावरील बॅटल ट्रीपर्यंत, म्हणजे न हरता सलग लढती जिंकत राहायच्या जागेपर्यंत, पोहोचलेल्या खेळाडूंना एक अडचण हमखास येते. साध्या फेरीतील वीस लढती दोन-चार प्रयत्नांत जिंकता येतात आणि सुपर फेरी खुली होते, पण तेथे पन्नासाव्या लढतीच्या आधीच, बहुतेकदा तिशी-चाळिशीच्या पुढे कोठेतरी, मालिका तुटते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि पुन्हा साधारण त्याच टापूत ती तुटते. खेळाडू मग संघातील एखादा पोकेमॉन बदलतो, त्याने काही साधत नाही, म्हणून दुसरा बदलतो, आणि शेवटी 'संगणक फसवतो' असे म्हणून नाद सोडतो.

माझ्या भाच्याचे नेमके हेच झाले होते. गेल्या चवथीच्या सुट्टीत तो फोंडा तालुक्यातील आमच्या गावी आला, तो "मामा, परत सत्तेचाळिसावीच" असे म्हणतच. त्याच आकड्यावर किंवा त्याच्या आसपास तो चौथ्यांदा हरला होता. पुढचे काही दिवस आम्ही दोघांनी बसून प्रत्येक पराभवाचा शोध घेतला. माझ्या स्वतःच्या जुन्या पराभवांची नोंद माझ्याकडे होतीच, तीही उघडली. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो. हे विवेचन मुख्यतः सुपर सिंगल फेरीसाठी, म्हणजे तीन पोकेमॉन घेऊन एकास एक लढायच्या प्रकारासाठी, आहे.

पातळी वाढवून हा प्रश्न का सुटत नाही

१९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' मध्ये माउंट सिल्व्हरच्या गुहेत रेड नावाचा प्रतिस्पर्धी उभा असतो. त्याचा पिकाचू ८१ व्या पातळीचा असतो, आणि त्या काळी त्याला हरवण्याचा मार्ग सरळ होता. आपले पोकेमॉन पुरेसे वाढवावेत, औषधांनी पिशवी भरून घ्यावी आणि चढाई करावी. मोठी पातळी बहुतेक चुका झाकून टाकत असे. बॅटल ट्रीमध्ये सुपर सिंगलच्या पन्नासाव्या लढतीत समोर येतो तो हाच रेड. मात्र येथे ५० च्या वरची प्रत्येक पातळी लढतीपुरती ५० वर आणली जाते, पिशवीतील वस्तू वापरता येत नाहीत, आणि एकाच जातीचे दोन पोकेमॉन किंवा एकच वस्तू दोघांकडे चालत नाही. म्हणजे कथा पूर्ण करताना जी एक गोष्ट सर्वांत जास्त उपयोगी पडली, तीच येथे काढून घेतलेली असते.

यातूनच पहिली तपासणी निघते, आणि बरेच जण ती करत नाहीत. कथेत सुरुवातीपासून बरोबर असलेला लाडका पोकेमॉन तसाच ट्रीमध्ये नेलेला असेल, तर तो जवळजवळ नक्कीच अर्धवट घडलेला असतो. प्रत्येक पोकेमॉनला एकूण ५१० ईव्ही, म्हणजे लढतींतून मिळणारे आणि गुण वाढवणारे अंक, मिळू शकतात आणि एका गुणासाठी त्यांतील २५२ च धरले जातात. वाटेत भेटलेल्या शेकडो जंगली पोकेमॉनना हरवताना हे ईव्ही सहाही गुणांत (एचपी म्हणजे जीवशक्ती, अॅटॅक, डिफेन्स, स्पेशल अॅटॅक, स्पेशल डिफेन्स आणि वेग) विखुरले जातात आणि साठा भरून जातो. ५० व्या पातळीवर याचा परिणाम किती होतो, ते सॅलमेन्सच्या उदाहरणावरून पाहू. मेगा सॅलमेन्सचा, म्हणजे लढतीपुरते अधिक बलवान रूप घेतलेल्या सॅलमेन्सचा, मूळ वेग १२० आहे. त्याचा वेगाचा आयव्ही, म्हणजे जन्मजात अंक, पूर्ण ३१ असला, पण वेगात एकही ईव्ही नसला आणि नेचर, म्हणजे स्वभाव, हेही वेगाला पूरक नसले, तर प्रत्यक्ष वेग १४० येतो. २५२ ईव्ही दिले की तो १७२ होतो आणि नेचर वेग वाढवणारे जॉली असेल तर १८९. पूर्ण वेगाचा गारचॉम्प १६९ वर धावतो. म्हणजे तोच सॅलमेन्स एका घडणीत गारचॉम्पच्या आधी वार करतो आणि दुसऱ्या घडणीत वार करण्यापूर्वीच कोसळतो. खेळाडूच्या डोळ्यांना मात्र दोन्ही वेळी एकच पोकेमॉन दिसतो, आणि मग दोष दैवाला दिला जातो.

विखुरलेले ईव्ही काढण्यासाठी ठरावीक बेरी आहेत. वेगासाठी टॅमॅटो, एचपीसाठी पोमेग, अॅटॅकसाठी केल्प्सी. एक बेरी त्या गुणाचे १० ईव्ही कमी करते. ते काढून झाल्यावर खेळातील पोके पेलागो या भागातल्या एव्हेलप बेटावर सरावाला ठेवून किंवा पॉवर प्रकारच्या वस्तू देऊन हवे तेथे भरावेत. ५० व्या पातळीवर पहिल्या ४ ईव्हींचा एक गुण मिळतो आणि त्यानंतर दर ८ ईव्हींना एक, एवढे ध्यानात ठेवले की वाया जाणारे आकडे दिसू लागतात. आयव्ही कमी असतील तर बॉटल कॅप ही वस्तू देऊन हायपर ट्रेनिंग, म्हणजे ती उणीव भरून काढणारा सराव, करता येते, पण खेळांच्या या सातव्या पिढीत त्यासाठी पोकेमॉन १०० व्या पातळीचा असावा लागतो. अंड्यातून नवा पोकेमॉन काढणे मला अधिक सोयीचे वाटते. आईबापांपैकी एकाला डेस्टिनी नॉट दिली की त्या दोघांच्या बारा आयव्हींपैकी पाच पिल्लात उतरतात, आणि दुसऱ्याला एव्हरस्टोन दिला की त्याचे नेचर उतरते. वीस अंडी उबवून झाली की ट्रीजवळच्या पोकेमॉन सेंटरमध्ये आयव्ही पारखण्याची सोयही मिळते. ही सगळी तयारी कंटाळवाणी आहे खरी, पण ती झाल्याशिवाय पुढचे काहीही वाचून उपयोग नाही.

शंभरात पंचाण्णव पुरेसे नाहीत

तयारी नीट झाली तरी मालिका तुटतच राहते, आणि खरी अडचण येथे आहे. समजा, आपला संघ शंभरपैकी ९५ लढती जिंकतो. असा संघ कोणालाही उत्तमच वाटेल. पण सलग वीस लढती जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे ३६ टक्के भरते, आणि सलग पन्नास जिंकण्याची ८ टक्क्यांहूनही कमी. शंभरपैकी ९८ जिंकणाऱ्या संघाला पन्नासपर्यंत जाण्याची शक्यता ३६ टक्के आहे आणि ९९ जिंकणाऱ्याला साठ. साधी फेरी दोन-तीन प्रयत्नांत पार होते आणि सुपर फेरी मात्र वर्षभर होत नाही, याचे कारण या आकड्यांतच आहे. संघ तोच असतो, त्यातले भोक तेच असते. वीस लढतींत ते कधी उघडे पडते, कधी नाही, पन्नासांत बहुधा पडतेच. शिवाय लढती पुढे सरकतात तसे प्रतिस्पर्धी अधिक कसलेले येतात, त्यामुळे प्रत्यक्षातले गणित याहूनही कठीण असते.

आमच्या गावाला जुवारी नदीच्या काठी खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, आहे. तेथे बांध फुटतो तो पुष्कळदा कुर्ल्यांनी पोखरलेल्या एखाद्या बोटभर भोकातून. एकदा खारे पाणी आत शिरले की त्या एका जागेपायी सगळी शेती जाते, म्हणून जाणती माणसे बांधाची उंची वाढवण्यापूर्वी भोके शोधतात. भाच्याला मी हेच सांगितले. त्याचा संघ गारचॉम्प, गेंगार आणि ग्रेनिंजा असा होता. तिघेही वेगवान, तिघेही जोरदार आणि तिघेही एका वारात जमीनदोस्त होणारे. तो बांध उंच करत होता.

हरल्याबरोबर काय लिहावे

माझा पहिला आग्रह वहीचा आहे. पराभव झाल्यावर नवी मालिका सुरू करण्यापूर्वी पाच ओळी लिहाव्यात. लढतीचा क्रमांक, समोरचे तीन पोकेमॉन, त्यांच्याकडील वस्तू किंवा अॅबिलिटी (अंगची खास क्षमता) कळली असल्यास ती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या हातात निवड होती अशी शेवटची वेळ कोणती व तेव्हा आपण काय निवडले. त्यानंतर त्या पराभवावर एकच शब्द लिहावा, 'संघ', 'निर्णय' किंवा 'योग' (म्हणजे निव्वळ नशीब). खेळातच लढतीचे चित्रण जपता येते, त्याचा आधार जरूर घ्यावा, पण चित्रण पाहून आपल्या मनात तेव्हा काय होते ते कळत नाही. ते वहीतच राहते.

भाच्याकडे वही नव्हती, पण त्याची स्मरणशक्ती चांगली आहे. अकरा पराभव त्याने सांगितले आणि त्यांतल्या आठांवर 'योग' असे लिहिले. मग आम्ही एकेक पुन्हा तपासला. सत्तेचाळिसाव्या लढतीत शेवटी समोर वॉलरीन होता, आधीच निम्म्याहून अधिक घायाळ. भाच्याच्या गेंगारने त्यावर फोकस ब्लास्ट मारला, तो हुकला, आणि उलट आलेल्या शीअर कोल्डने गेंगार एका फटक्यात गेला. शीअर कोल्ड लागण्याची शक्यता समान पातळीवर ३० टक्के असते, म्हणून त्याने 'योग' लिहिले. पण फोकस ब्लास्टची अचूकता ७० टक्के आहे, आणि गेंगारकडे १०० टक्के अचूकतेचा थंडरबोल्टही होता. वॉलरीन जल आणि हिम अशा दोन प्रकारांचा आहे, त्याच्यावर दोन्ही मूव्ह सारखेच दुप्पट परिणाम करतात, आणि उरलेल्या एचपीला थंडरबोल्ट पुरेसा होता. मोठा आकडा पाहून त्याने १२० शक्तीचा मूव्ह निवडला होता. तेव्हा हा पराभव 'निर्णय' या सदरात गेला. अशा रीतीने आठांपैकी दोनच खऱ्या अर्थाने 'योग' उरले. माझ्या स्वतःच्या नोंदींतही प्रमाण यापेक्षा फारसे वेगळे नव्हते, आणि ते मान्य करायला मला वेळ लागला होता.

फासे कमी वेळा टाका

या तपासणीतून जे सूत्र निघते ते असे, की नशीब सुधारणे आपल्या हातात नाही, पण नशिबाची परीक्षा किती वेळा घ्यायची हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. ८० टक्के अचूकतेचा मूव्ह सलग तीन वेळा लागण्याची शक्यता ५१ टक्के असते, म्हणजे नाणे उडवण्यासारखेच. म्हणून हायड्रो पंप, स्टोन एज, फोकस ब्लास्ट यांसारखे मूव्ह या मालिकेसाठी मी संघातून काढूनच टाकतो, आणि फायर ब्लास्टऐवजी फ्लेमथ्रोअर घेतो. त्याने काही प्रतिस्पर्धी एका वाराऐवजी दोन वारांत पडतील, हे खरे. पण मग दोन वार सोसू शकेल असा पोकेमॉन हवा, आणि संघाचा विचार त्या दिशेने वळतो, हे चांगलेच आहे.

प्रतिस्पर्ध्यांचे संच मात्र नशिबावर चालणारेच असतात. क्विक क्लॉ ही वस्तू असलेला पोकेमॉन २० टक्के वेळा आपल्या आधी चाल करतो, म्हणजे लढत तीन चाली लांबली तर एकदा तरी तसे होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. ब्राइट पावडर आपली अचूकता दहा टक्क्यांनी घटवते. क्रिटिकल, म्हणजे अवचित जास्त लागणारा, वार या पिढीत २४ पैकी एकदा पडतो, म्हणून २४ वार झेलणाऱ्या संघाला एकदा तरी तो बसण्याची शक्यता ६४ टक्के असते. आणि मघाशी सांगितलेले शीअर कोल्ड, फिशर, गिलोटीन, हॉर्न ड्रिल हे एका फटक्यात संपवणारे मूव्ह, ज्यांच्यापुढे दोनदा उभे राहिले तर निम्म्याहून अधिक वेळा आपण पडतो.

या सगळ्यावर मला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय सब्स्टिट्यूट हाच आहे. स्वतःच्या एचपीचा चौथा हिस्सा देऊन उभा केलेला पुतळा क्रिटिकल वारही झेलतो, विषबाधा किंवा पक्षाघात करणारे बहुतेक मूव्हही अडवतो, आणि शीअर कोल्ड लागलाच तर पुतळा जातो, पोकेमॉन राहतो. त्यालाही दोन फटी आहेत. हायपर व्हॉइससारखे आवाजाचे मूव्ह पुतळ्याच्या आरपार जातात, आणि इन्फिल्ट्रेटर अॅबिलिटीच्या पोकेमॉनला पुतळा दिसतच नाही. समोर नॉयव्हर्न आला तर ही अॅबिलिटी त्याच्याकडे आहे असे धरूनच खेळावे.

हिशेब करतानाही हीच काळजी घ्यावी. कोणत्याही वाराचे नुकसान ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान सोळा पायऱ्यांत बदलते. पोकेमॉन शोडाऊन या संकेतस्थळाचा डॅमेज कॅल्क्युलेटर हे सर्व आकडे दाखवतो. त्यात आपल्या वाराचा सर्वांत लहान आकडा आणि समोरच्याच्या वाराचा सर्वांत मोठा आकडा धरून निर्णय घ्यावा. 'बहुधा मरेल' हा शब्दप्रयोग माझ्या वहीतल्या 'निर्णय' सदरात सर्वांत जास्त वेळा आला आहे.

एकमेकांच्या फटी बुजवणारे तिघे

आता संघाकडे येतो. मी भाच्याला सुचवलेला आणि स्वतः वापरलेला संघ सॅलमेन्स, एजिस्लॅश आणि चॅन्सी असा आहे. तो माझा शोध नाही. या प्रकारात लांब मालिका करणाऱ्यांमध्ये तो जुना आणि परिचित आहे. पण तो का चालतो हे समजून घेतल्याशिवाय वापरला तर इतर कोणत्याही संघाइतकाच लवकर कोसळतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

सॅलमेन्स ड्रॅगन आणि फ्लाइंग प्रकारचा आहे. त्याला हिम प्रकाराचे चौपट, आणि रॉक, ड्रॅगन व फेअरी यांचे दुप्पट नुकसान होते. एजिस्लॅश पोलाद आणि भूत प्रकारचा असल्याने हे चारही प्रकार अर्ध्या जोराने झेलतो. उलट एजिस्लॅशला अग्नी, भूमी, भूत आणि डार्क यांचे भय असते. त्यांपैकी भूमी प्रकारचा मूव्ह सॅलमेन्सला लागतच नाही आणि अग्नी अर्ध्यानेच लागतो. भूत प्रकारचा मूव्ह चॅन्सीला लागत नाही. चॅन्सीला भय एकट्या फायटिंग प्रकाराचे, आणि तो एजिस्लॅशला लागत नाही. म्हणजे समोरचा कोणताही वार आला तरी तो सोसणारा कोणीतरी बाकावर बसलेला असतो. एकट्या डार्क प्रकाराला या तिघांत कोणी अडवत नाही, ही या संघाची उघडी बाजू आहे आणि ती लक्षात ठेवावी.

याला जोड मिळते ती समोरच्या संगणकाच्या स्वभावाची. तो क्वचितच पोकेमॉन बदलतो, आणि समोर जो उभा आहे त्याला सर्वाधिक लागणारा वार शक्यतो निवडतो. माणसाविरुद्ध अशी खात्री कधीच नसते. समजा, समोर मॅमोस्वाइन आला आणि आपला सॅलमेन्स मेगा न होता उभा आहे. मॅमोस्वाइन हिमाचा वार करणार, हे जवळजवळ ठरलेले. तेथे वेगाचा उपयोग नाही, कारण त्याच्याकडे आइस शार्ड असेल तर तो वार वेग न पाहता आधीच येतो. म्हणून एजिस्लॅशला आत आणावे, तो वार झेलतो. आता मॅमोस्वाइनला एजिस्लॅश दिसतो आणि तो अर्थक्वेक या भूमी प्रकारच्या वाराकडे वळतो. त्याच क्षणी सॅलमेन्सला परत आणावे, अर्थक्वेक वाया जातो, आणि सॅलमेन्सच्या इंटिमिडेट या अॅबिलिटीमुळे मॅमोस्वाइनचा अॅटॅक एका पायरीने उतरतो. हे चक्र तीन वेळा फिरले की त्याचा अॅटॅक मूळच्या दोन पंचमांशावर येतो. तेवढ्यात एजिस्लॅशने किंग्ज शील्ड घेतली आणि समोरच्याने स्पर्शाचा वार केला, तर अॅटॅक एकदम दोन पायऱ्या खाली जातो. या अवस्थेला आणल्यावर मग कोठे सॅलमेन्सने सब्स्टिट्यूट उभे करावे, अॅटॅक व वेग वाढवणारा ड्रॅगन डान्स करावा आणि मेगा होऊन उरलेल्यांचा समाचार घ्यावा.

येथे भाच्याची एक सवय आड येत होती. तो पहिल्याच चालीला मेगा करून टाकत असे. मेगा झाला की इंटिमिडेट जाऊन एरिलेट ही दुसरी अॅबिलिटी येते, आणि वर सांगितलेले चक्र त्याच क्षणी बंद पडते. मेगा करण्याची घाई करण्याचे या पिढीत कारणही उरलेले नाही. सहाव्या पिढीत मेगा झालेल्या चालीला जुनाच वेग धरला जाई, म्हणून लोक लवकर मेगा करत. या खेळांत त्याच चालीपासून नवा वेग लागू होतो.

इंटिमिडेट सर्वत्र वापरावे असेही नाही. बिशार्पकडे डिफायंट ही अॅबिलिटी असेल तर अॅटॅक एक पायरी उतरून दोन पायऱ्या चढतो, आणि तो डार्क प्रकारचा असल्याने आपली उघडी बाजूच त्याच्यासमोर येते. मिलोटिककडील कॉम्पेटिटिव्हही तसेच, तिचा स्पेशल अॅटॅक वाढतो. क्रिटिकल वार उतरलेला अॅटॅक जुमानत नाही, म्हणून चक्र फिरवताना झेलणाऱ्याचे एचपी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.

चॅन्सीबद्दल थोडक्यात. तिला इव्हायोलाइट दिली की तिचा डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दीडपट होतो, आणि तिचे एचपी ५० व्या पातळीवर साडेतीनशेच्या घरात जाते. स्पेशल अॅटॅकवर चालणाऱ्या बहुतेकांना ती एकटी थोपवते. सिस्मिक टॉस येथे नेमके ५० नुकसान करतो, अचूकता १०० टक्के, कमी-जास्त होण्याचा प्रश्नच नाही. मात्र भूत प्रकाराला तो लागत नाही, म्हणून सोबत टॉक्सिक असावे.

मालिका चालू असताना

माझे निर्णय चुकले ते मुख्यतः दोन वेळी. एक, सलग पंधरा-वीस लढती सोप्या गेल्यावर, जेव्हा बोट विचाराआधी बटणावर जाते. दुसरे, रात्री उशिरा. म्हणून तिसाव्या लढतीनंतर एका बैठकीत पाचांहून अधिक लढती खेळायच्या नाहीत, असा नियम आम्ही दोघांनी केला. दोन लढतींच्या मध्ये खेळ जपून थांबता येते, त्याचा पुरेपूर उपयोग करावा. प्रत्येक चालीपूर्वी 'समोरच्याकडे क्विक क्लॉ असेल तर काय, आणि हा वार क्रिटिकल पडला तर काय' हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. दोन्ही घडूनही लढत जिंकता येत असेल, तर ती चाल योग्य.

लढत अर्धवट असताना यंत्र बंद पडले, तर ती हरल्यातच जमा होते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जायला वारा निमित्त पुरतो. माझी एक मालिका, छत्तिसाव्या लढतीवर असलेली, आषाढातल्या अशाच एका संध्याकाळी गेली, कारण हे खेळ चालतात ते थ्रीडीएस यंत्र चार्जरला लावलेले आहे एवढ्या समाधानात मी होतो आणि घरात तासाभरापासून वीजच नव्हती. तेव्हापासून बॅटरीचा दिवा निळा असेल तरच मी लढत सुरू करतो. मध्येच उठावे लागले तर यंत्र बंद न करता झाकण मिटावे. लढत आहे तेथेच थांबून राहते.

थ्रीडीएसची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. त्यामुळे या खेळांत आता घरबसल्या दूरच्या माणसाशी लढता येत नाही, पण बॅटल ट्रीला जोडणीची गरज नसल्याने तिच्यावर याचा काही परिणाम झालेला नाही.

डबल फेरीविषयी एवढेच सांगतो, की तेथे चार पोकेमॉन असतात, दोघे एकाच वेळी एका लक्ष्यावर वार करतात, आणि वर सांगितलेले अदलाबदलीचे चक्र तितके चालत नाही. तेथे वेग ताब्यात ठेवणारे टेलविंड किंवा ट्रिक रूम अधिक उपयोगी. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' मध्ये बॅटल ट्रीसारखी जागाच नाही. तेथील सात ताऱ्यांच्या टेरा रेडमध्ये (हा रेड म्हणजे वरचा प्रतिस्पर्धी नव्हे, चौघांनी मिळून करायची चढाई) मालिका नसते, घड्याळ असते. तरीही त्या वर्षीच्या डिसेंबरातील चॅरिझार्डच्या रेडमध्ये अनेकांची चूक याच जातीची होती. त्याचा टेरा, म्हणजे लढतीपुरता बदललेला, प्रकार ड्रॅगन, म्हणून फेअरी प्रकारचा कोणीही चालेल असे समजून लोक गेले, आणि चॅरिझार्डचे अग्नीचे वार तसेच शिल्लक आहेत हे विसरले. अॅझुमॅरिल टिकला, कारण तो फेअरीबरोबर जल प्रकारचाही आहे.

भाच्याने नवा संघ घडवायला दिवाळीपर्यंतचा वेळ घेतला. पहिल्या प्रयत्नात तो एकोणतिसाव्या लढतीत हरला. समोर बिशार्प होता आणि त्याने सवयीने सॅलमेन्स आत आणला. वहीत त्याने स्वतःच 'निर्णय' असे लिहिले. दुसऱ्या मालिकेत पन्नासाव्या लढतीला रेड आला, तेव्हा त्याने मला फोन केला नाही, लढत संपल्यावर केला. ती मालिका पुढे त्रेसष्टाव्या लढतीत थांबली. त्या पानावर दोन शीअर कोल्डची नोंद आहे. दोन्ही वेळा सब्स्टिट्यूट उभे करायला चाल मिळाली नव्हती. हा 'योग' मीही मान्य केला, आणि संघात काहीही न बदलता त्याने पुन्हा पहिल्या लढतीपासून सुरुवात केली आहे.